पाळणा हलावा म्हणून तीन महिने दोघांचे

गेल्या वर्षावासात तिरोडा तालुक्यातील एका गावी आम्ही ग्रंथवाचनाच्या समारोपाला गेलो होतो. कार्यक्रम आटोपला, चहा झाला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईने आम्हाला विहाराच्या मागच्या ओट्यावर बोलावून घेतले. त्यांचे काम खासगी होते.

"भाऊ, तुम्ही कचेरीत आहा. कायदा जाणता. पोराची दुसरी करून द्याची आहे. पयलीची सोडचिठ्ठी कशी लिवाची, थे सांगा जी."

लग्नाला चार वर्षे झाली होती आणि मूल नव्हते, एवढाच सुनेचा गुन्हा. ती सून तेव्हा नळावर चहाचे कप धूत होती. मुलगा तिथेच सायकलला टेकून उभा होता. राईस मिलच्या बॉयलरवर काम करतो, अंगाने धडधाकट, आणि गालात खर्रा. आम्ही विचारले, तपासण्या कोणत्या केल्या? बाईंनी बोटे मोजली. सुनेची सोनोग्राफी दोनदा, रक्त दोनदा, एका ठिकाणी गर्भाशय धुतले, एका बाबाचा गंडा, एका वैदूचा काढा. यात सासूबाईंच्या कानातले गहाण पडले होते. आम्ही पुढे विचारले, आणि मुलाची तपासणी?

बाई आमच्याकडे पाहतच राहिल्या. "माज्या पोराले का झालं जी?"

हा एक प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि आठही तालुक्यांत हाच प्रश्न याच सुरात विचारला जातो. म्हणून आज या पानावर आम्ही मूल होण्यासाठी नवरा-बायकोने कोणत्या सवयी धराव्यात आणि कोणत्या सोडाव्यात याविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, कारकुनी करणारी साधी माणसे आहोत. परंतु डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले, ते साध्या शब्दांत मांडतो.

हा विषय कुटुंबाच्या पानावर नको, असे कोणाला वाटेल. त्यांना एकच आठवण करून द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून स्त्रीपुरुष संबंधांविषयी शास्त्रीय माहिती दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब उभे राहिले होते. जे ज्ञान माणसाचे दुःख कमी करते, त्याची लाज कसली?

दोष कोणाचा?

पहिली गोष्ट ही की, मूल न होणे हा दुर्मिळ प्रकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केले की जगात दर सहा प्रौढ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. श्रीमंत देशांत येते, गरीब देशांतही येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूल होत नाही अशा जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूने काही ना काही उणीव असते. कधी ती एकट्या पुरुषात असते, कधी दोघांतही थोडी थोडी असते. माणूस दिसायला दणकट आहे, पोते उचलतो, संसारसुख देतो, यावरून त्याच्या वीर्यात शुक्रजंतू पुरेसे आहेत की नाहीत हे कळत नाही. ते फक्त तपासणीत कळते. ही तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त आहे. सुई नाही, भूल नाही, काही शे रुपयांत होते. बाईच्या तपासण्या मात्र महागड्या आणि त्रासाच्या. तरीही आपल्याकडे सुरुवात बाईपासून होते आणि पुष्कळदा शेवटही तिच्यापाशीच होतो. 'वांझ' हा शब्द आपल्या भाषेत बाईसाठी आहे. पुरुषाला लागेल असा शब्द कोणाच्या तोंडात येत नाही, यातच सगळे आले.

तीन महिन्यांचे गणित

बाईच्या शरीरात बीजे जन्मापासूनच असतात. वयाबरोबर ती कमी होत जातात आणि पस्तिशीनंतर त्यांचा कसही झपाट्याने उतरतो. पुरुषाचे तसे नाही. त्याच्या शरीरात शुक्रजंतू रोज नव्याने तयार होतात. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे तो पक्का होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी काही दिवस जातात. म्हणजे साधारण तीन महिने धरा.

याचा अर्थ असा की, आज वीर्यात जे आहे ते तीन महिन्यांपूर्वीच्या खाण्यापिण्याचे, तापाचे आणि व्यसनाचे फळ आहे. आणि आज जी सवय बदलली तिचा परिणाम तीन महिन्यांनी दिसणार आहे. आठ दिवस खर्रा बंद करून 'काही फरक पडला नाही' म्हणणे म्हणजे धानाचा पऱ्हा टाकून आठव्या दिवशी लोंबी शोधणे होय. धानालाही त्याचे दिवस द्यावे लागतात.

खर्रा, गुडाखू, बिडी आणि दारू

आपल्या भागात सर्वांत मोठा शत्रू कोणता, तर खर्रा. राज्यात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून हातात मिळतोच. दिवसाला पाच-सात खर्रे खाणारी तरुण मुले आम्ही रोज पाहतो. तोंडाचा कर्करोग सर्वांना ठाऊक आहे. पण तंबाखूमुळे शुक्रजंतूंची संख्या घटते, त्यांची धाव मंदावते आणि आकार बिघडतो, हे कोणी सांगत नाही. ओढा किंवा चघळा, रक्तात जायचे ते जातेच.

बायकांमध्ये गुडाखूने दात घासण्याची सवय छत्तीसगडच्या सीमेकडील गावांत फार आहे. तोही तंबाखूच. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रीला दिवस राहायला उशीर लागतो, आणि राहिले तर गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. नवरा घरात बिडी ओढत असेल तर त्याचा धूर बायकोच्याही पोटात जातो, हे लक्षात ठेवावे.

दारूचेही तेच. मोहाची असो की दुकानातली, रोजच्या पिण्याने पुरुषाचे संप्रेरक बिघडते, इच्छा आणि शक्ती दोन्ही घटतात. आपण विहारात दर रविवारी पाचवे शील म्हणतो. मूल हवे असणाऱ्या जोडप्याने निदान हे तीन महिने ते घरातही पाळून पाहावे.

व्यसन एका दिवसात सुटत नाही हे आम्हाला माहीत आहे. पहिले चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप येत नाही. तारीख ठरवावी, घरच्यांना सांगावी, पानठेल्याचा रस्ता बदलावा, खिशात भाजलेले चणे किंवा बडीशेप ठेवावी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तेथे फोन केल्यास समुपदेशक धीराने बोलतात.

कामाच्या जागेचा प्रश्न

निसर्गाने पुरुषाचे अंडकोष शरीराबाहेर ठेवले, कारण शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा थोडा थंडावा लागतो. आपली कामे मात्र उष्णतेची. राईस मिलमध्ये उसना तांदूळ करताना वाफ आणि बॉयलर, वीटभट्टीवर आग, हॉटेलात भट्टी, ट्रकवर तासन्‌तास इंजिनाजवळ बसणे. काम सोडा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? चूल त्यावरच पेटते. पण काही गोष्टी हातात आहेत. पाळी बदलून मिळत असेल तर मुकादमाला विनंती करावी. दर तासाला पाच मिनिटे थंड जागी यावे. आतले कपडे सैल आणि सुती घालावेत. कामावरून आल्यावर कढत पाण्याऐवजी साध्या पाण्याने अंघोळ करावी.

शेतावर धानाला फवारणी करणाऱ्यांनी अंग झाकून, तोंडाला फडके बांधून, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून फवारावे. घरी आल्यावर मुलाबाळांना जवळ घेण्याआधी साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. कीटकनाशके बीजाला घातक ठरतात.

आमच्या ज्या भगिनी घरी बिड्या वळतात, त्यांनी शक्यतो उघड्या पडवीत बसावे, नाकाला पदर बांधावा, आणि तंबाखूचे सूप निजायच्या खोलीत ठेवू नये. भाकरीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. वळणाऱ्या बाईने बिडी ओढली नाही तरी तंबाखूची धूळ तिच्या अंगात जाते.

ताटात काय हवे?

यासाठी काजू-बदाम लागत नाहीत. आपला जिल्हा तलावांचा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मासळी, जमेल तसे अंडे, रोज एक वाटी घट्ट वरण, आणि पालेभाजी: पालक, चवळी, शेवगा, अंबाडी, पावसाळ्यात तरोटा. जवसाची चटणी आपल्याकडे पूर्वापार आहे, ती चांगली. जेवणाबरोबर लिंबाची फोड घ्यावी म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह वाया जाते. बाईने सर्वांच्या शेवटी खरवड खाऊन उठायचे, ही रीत मात्र आता बंद व्हायला हवी. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्याची मुळे या रीतीतही आहेत.

वजन फार कमी असेल तर पाळी अनियमित होते, फार जास्त असेल तरीही होते. ज्यांना डॉक्टरांनी पीसीओएस सांगितले आहे आणि वजनही जास्त आहे, त्यांनी वजनाचा दहावा-विसावा हिस्सा जरी उतरवला तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. रोज अर्धा तास झपाझप चालणे त्याला पुरे. पुरुषाच्या सुटलेल्या पोटालाही हाच नियम आहे.

एक गोळी मात्र बाईने आधीपासून घ्यायला हवी. ती फॉलिक अ‍ॅसिडची. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून आणि राहिल्यावर तिसरा महिना संपेपर्यंत. बाळाच्या मणक्यातील आणि मेंदूतील जन्मजात दोष त्याने टळतात. हे दोष पहिल्या चार आठवड्यांतच घडतात. तोवर बाईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही गोळी आधीच सुरू करायची. आशाताईंना किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंना विचारावे.

दिवसांचा हिशेब

आमच्याकडचे अनेक तरुण नागपूर, रायपूर, हैदराबादला कामाला असतात. महिन्यातून चार दिवस घरी येतात आणि तेच दिवस नेमके पाळीचे निघतात. मग वर्ष वाया जाते आणि बोल बाईला लागतो. म्हणून हा हिशेब दोघांना ठाऊक हवा.

बाईचे बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी बाहेर पडते. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी, ३२ दिवसांनी येत असेल तर अठराव्या दिवशी. बीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस मोलाचे. त्या सुमारास अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, तार सुटणारा स्राव जातो. ती निसर्गाचीच खूण आहे. त्याला आजार समजू नये. स्रावाला दुर्गंधी असेल, खाज असेल तर मात्र तो आजार आहे आणि त्यावर डॉक्टरांना विचारून औषध घ्यायचे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण करावी आणि रजा त्या हिशेबाने मागावी. एरवी दोन-तीन दिवसांआड एकत्र येणे पुरेसे आहे. घड्याळ लावून, धाक घालून हे होत नाही, मन मोकळे असावे लागते.

सिकलसेलची तपासणी विसरू नका

हा मुद्दा आपल्या भागासाठी फार गंभीर आहे. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात कलंक काही नाही. मलेरियाच्या प्रदेशात ज्या माणसांत हा गुण आला ती मलेरियातून अधिक तगली, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, असे शास्त्र सांगते. वाहक माणूस ठणठणीत असतो. परंतु नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे. दिवस राहण्यापूर्वीच दोघांनी कार्ड करून घ्यावे. दोघेही वाहक निघाले तर घाबरू नये, डॉक्टरांशी बोलून पुढचे पाऊल टाकावे. ज्यांना हा आजार आहे आणि हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे, अशा स्त्री-पुरुषांनी मूल हवे असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. लोहाच्या गोळ्याही त्यांनी विचारूनच घ्याव्यात.

दवाखान्यात केव्हा जावे?

नियमित एकत्र राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात. म्हणून एक वर्ष वाट पाहावी. बाईचे वय पस्तीसच्या वर असेल तर सहाच महिने. पण पाळी दोन-दोन महिने येत नसेल, दोघांपैकी कोणाला पूर्वी क्षयरोग झाला असेल, पुरुषाला वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील किंवा तिथे गाठ, सूज वाटत असेल, तर थांबू नये. गर्भपिशवीचा आणि नळ्यांचा क्षयरोग खोकल्याशिवाय असतो. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचे ते एक मोठे कारण आहे. सवयी कितीही सुधारल्या तरी बंद नळी उघडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला मेडिकल आणि डागा रुग्णालय आहे. जाताना दोघांनी जावे. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. नमुना घरून नेत असाल तर तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरली आहे. आकडा त्याहून कमी आला म्हणजे सगळे संपले असे नाही. नुकताच ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

बाबा, काढे आणि दुसरे लग्न

मूल देतो म्हणणाऱ्या बाबाच्या दारात आपल्या समाजाची माणसे दिसतात तेव्हा फार वाईट वाटते. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात एक कलम याच दुःखासाठी आहे. अलौकिक शक्तीने मातृत्व देतो असे सांगून मूल न होणाऱ्या स्त्रीशी संबंध ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदेमंडळाला हे लिहावे लागले, म्हणजे हे किती घडत असेल याचा विचार करा. वैदूच्या पुड्यांत काय असते ते पुडीवर लिहिलेले नसते. 'मुलगाच होईल' असे सांगून दिलेली औषधे तर पोटातल्या बाळालाच धोका करतात.

आणि दुसरे लग्न? विवाह कायद्यात मूल नसणे हे घटस्फोटाचे कारण नाही. हा १९५५ सालचा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली पत्नी नांदत असताना दुसरी आणणे गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय दोष नवऱ्यात असेल तर दुसरीच्या आयुष्याचीही तीच माती होणार.

सर्व करूनही काही जोडप्यांना मूल होत नाही. त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. 'कारा' या सरकारी संस्थेमार्फत कायद्याने मूल दत्तक घेता येते, आणि मूल न घेताही संसार पूर्ण असतो.

त्या ओट्यावर आम्ही बाईंना हे सारे सांगितले. सोडचिठ्ठीचा मजकूर लिहून घ्यायला त्यांनी वहीचा कागद आणला होता. त्याच कागदावर आम्ही लिहून दिले: मुलाची वीर्यतपासणी, दोघांचे सिकलसेल, सुनेचे रक्त, फॉलिकची गोळी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, खर्रा बंद. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आठ दिवस तो गेला नाही. नवव्या दिवशी बायकोला सोबत घेऊन गेला. शुक्रजंतू फार कमी निघाले. सुनेचे रक्त आठ होते, बाकी तिच्यात काही नव्हते. सिकलसेलची ती वाहक, तो नाही.

त्याने खर्रा सोडला, मध्ये दोनदा पुन्हा धरला, पुन्हा सोडला. मुकादमाने त्याला बॉयलरवरून काट्यावर घेतले. पाच महिन्यांनी आकडा वाढला, मर्यादेच्या जवळ आला. मूल अजून झालेले नाही. गोंदियाला उपचार चालू आहेत आणि जातात ती दोघे मिळून. होईलच असे आम्ही म्हणणार नाही.

पण मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो कागद भिंतीवर कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलेला दिसला. सुनेने आमच्यासोबत बसून चहा घेतला. सासूबाईंनी मुलाच्या सदऱ्याचा खिसा चाचपून पाहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रोज पायतो जी मी. काई नाई सापडलं."